नुसती नावं

या, टेका हितं भिंतीला. तुमाला बँकेत नोकरी लागली म्हणून तुमचे वडील काल पेढं देऊन गेले. पेढा खाल्ला, आता त्याच्या बदल्यात तुमाला एक गोष्ट सांगतो. गोड न्हाय ती, आधीच सांगून ठिवतो. चहा गोड हाय, त्यो घोट घोट घ्या आन् ऐका. बँकेतल्याच माणसाची हाय.

बेंबळीच्या अंगाला एक गाव. साल ब्याऐंशी. बाहत्तरचा दुष्काळ सरून धा वर्सं झालती, पर त्या माळाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पाऊस चार शिंतोडं टाकून जायाचा, हिरीच्या तळाला बेडकं बसलेली दिसायची. निम्मं गाव ढोकीकडं ऊस तोडाया जायाचं, राहिलेलं रोजगार हमीवर पाझर तलावाची माती वाहायचं न्हायतर खडी फोडायचं. असल्या गावात सहकारी बँकेची एक शाखा. शाखा म्हंजी काय, ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली, एक तिजोरी, एक जाळीची खिडकी, आन् त्या खिडकीच्या आत बलभीम ओव्हाळ.

बलभीम बौद्धवाड्यातला. दहावी पास. बाप जल्मभर लोकाच्या गुरांमागं फिरला, आन् पोरगं पंख्याखाली खुर्चीवर बसलं. मॅनेजर तीन शाखांला मिळून एक. हप्त्यातनं दोनदा यायचा, सह्या करायचा, जायाचा. बाकी सगळं बलभीम. नोकरीत घेताना बँकेनं तेच्याकडनं एका छापील कागदावर सही घेतलती. खातेदारांच्या व्यवहाराची माहिती कुणाला देणार नाही, अशी शपथ. बाकीच्या कारकुनांनी न वाचताच सह्या ठोकल्या. बलभीमनं त्यो कागद दोनदा वाचला, घरी गेला आन् बायकोला म्हणला, "विठे, आजपासनं मला बँकेतलं काय इचारू नगंस."

"मला काय करायचंय तुमच्या बँकेतलं?" विठाबाई म्हणली. "तेल संपलंय. ते इचारायला परवानगी हाय का?"

बलभीम हसला न्हाय. तेला शपथ म्हंजी शपथच वाटली.

असल्या माणसावर बायांचा इश्वास बसला. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या अकरा बाया. पगार झाला की बाजारच्या दिवशी पदराची गाठ सोडून दोन-पाच रुपये खिडकीतनं आत सरकवायच्या. आन् पासबुक घरी न्यायच्याच न्हायत. न्यायचं तर ठिवायचं कुठं? उतरंडीत नवरा हात घालतो, गोधड्यांत सासू. मंग ती अकराच्या अकरा पासबुकं बलभीमच्या टेबलाच्या खणात, एका फडक्यात बांधून. खणाची किल्ली तेच्या करदोड्याला. बँकेच्या नियमात हे बसत नव्हतं, पर त्या बायांचा नियम त्यो व्हता.

त्यातलीच एक द्वारकाबाई. नवरा रामकिसन, सहा एकर कोरडवाहूचा मालक. गडी धडधाकट, पर काम म्हणलं की कंबर धरायचा. पत्ते, पान, आन् गावातल्या मोठ्या माणसांच्या मागं-म्होरं करायची लई हौस. द्वारकाबाई बाहत्तरात खडीवर गेली ती धा वर्सं झाली तरी हातोडी खाली ठिवली न्हाय. एकच लेक, सिता. सतरावं सरत आलेलं, दहावी झालेली. सोलापूरला नर्सचं शिक्षण मिळतंय, तिथं जूनमधी जायाचं, असं मायलेकीनं ठरिवलेलं. रामकिसननं तिकडं पोरगी एका बिजवराला बोलून ठिवली. का, तर त्याच्या दारात दोन बैलजोड्या. द्वारकाबाई नवऱ्याला हूं म्हणली न्हाय, उहूं म्हणली न्हाय. नुसती जूनची वाट बघत राहिली.

सोलापूरला लागणारा पैसा तिनं जमवला व्हता. निम्मा तिच्या बचत खात्यात, निम्मा सिताच्या नावानं मुदत ठेवीत. हे जगात तिघांलाच ठाऊक. ती, सिता, आन् बलभीम. खिडकीपाशी आली की म्हणायची, "किती झालं ते बोलू नगंस बाबा. बोटं दाव." मंग बलभीम टेबलाखाली बोटं दावायचा, ती मान हलवायची आन् मेथीची पेंडी उचलून बाजाराला लागायची.

आता आबाराव. आबाराव बँकेवर संचालक, आन् माळावर नवा साखर कारखाना काढायचं चाललेलं, त्याचेबी तेच पुढारी. सरकार म्हणलं, आधी गावागावातनं शेअर गोळा करा, लोकाचा पैसा दावा, मंग आमी कर्जाला हमी देतो. शेअर कोण घेणार? ज्याच्याकडं पैसा हाय त्यो. पैसा कुणाकडं हाय? ते बलभीमच्या रजिस्टरात.

आबाराव दुपारचे आले, खुर्ची वढून बसले.

"बलभीम, ठेवीदारांची यादी काढ."

"आबासाहेब, ते देता येत न्हाय."

"का रं?"

बलभीमनं खणातनं शपथेच्या कागदाची नक्कल काढली. आबारावांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. रागावले न्हायत. तेंला राग लई कमी यायचा.

"झकास. असंच पाहिजे," म्हणले. "आता मला सांग, कशाची माहिती द्यायची न्हाय? व्यवहाराची. कुणी किती ठिवलं, कधी काढलं. म्या आकडा इचारतोय का? आकडा दिलास तर म्याच तुला घरी पाठवीन. मला नुसती नावं दे."

"पर आबासाहेब..."

"अरं, सभासदांचं रजिस्टर कुणीबी सभासद बघू शकतो. कायदाच हाय तसा. मंग ठेवीदाराच्या नावानं काय घोडं मारलंय?"

सभासद येगळा आन् ठेवीदार येगळा, हे बलभीमला ठाऊक व्हतं. जिभंवर आलतं. पर आबाराव बसलेले, तेव हुबा. आन् दोन वर्सांमागं तेच्या नोकरीच्या कागदावर शिफारस लिवलेली ती आबारावांनीच.

"बायांचीबी नावं घेऊ?" तेनं इचारलं.

"बायांची आधी घे. त्या काय माणसं न्हायत? कारखान्यात तेंलाबी मान मिळू दे."

बलभीमनं इचार केला. नाव ते काय? गावात पोरगं जल्मलं की बाराव्या दिवशी सगळ्या गावाला नाव कळतंय. नावात लपवायचं काय असतंय? तेनं बचत खात्याचं रजिस्टर उघडलं. आकड्याच्या रकान्यावर पट्टी आडवी धरली, चुकून आबारावांची नजर जाऊ नये म्हणून. आन् सुबक अक्षरात अठ्ठावन्न नावं उतरून दिली. एक आकडा न्हाय. घरी जाताना तेला उलट बरं वाटलं, की आपुन शपथ पाळली.

बाजारच्या दिवशी कारखान्याची जीप आली. वर भोंगा. जीप चावडीम्होरं हुबी राहिली आन् आतला माणूस कागद वाचाया लागला. आपल्या गावातले सन्माननीय ठेवीदार, यांनी कारखान्याचे शेअर घेऊन गावाची शान वाढवावी. आन् एकेक नाव. मानानं वाचायचा बरं का, श्रीयुत, श्रीमती लावून. एकविसावं का बाविसावं नाव आलं, श्रीमती द्वारकाबाई रामकिसन.

सगळा बाजार भोंग्याकडं वळला. मंग हसला.

द्वारकाबाई तवा बँकेच्या खिडकीम्होरंच हुबी. पाच रुपयाची नोट काढाया पदराची गाठ सोडलेली. तिनं ती गाठ परत मारली. जाळीतनं आत बघितलं.

"बाबा, ह्या भोंग्याला माझं नाव कुणी सांगितलं?"

बलभीमनं मान रजिस्टरात घातली. ती जरा येळ थांबली. मंग मेथीच्या पेंड्या तिथंच टाकून घराकडं गेली.

तिकडं रामकिसन सिद्रामप्पाच्या पानाच्या दुकानावर व्हता. सिद्रामप्पा चुना लावता लावता म्हणला, "काय वो, माझ्याकडं तंबाखू उधार नेताव, आन् घरात सावकारीण बसिवलीय व्हय?"

दुसरा एक म्हणला, "आता हेच्याकडनं पत्त्यात जरा जपून घ्या गड्यांनो. ठेवीदाराचा नवरा हाय."

रामकिसन हसला. सगळ्यांत मोठ्यानं त्योच हसला. "मला काय ठाऊक न्हाय व्हय? म्याच ठिवायला लावलाय," म्हणला, आन् समद्यांला चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर तोंड पुसलं, आन् घरी गेला. घरात काय झालं ते गल्लीनं ऐकलं. म्या सांगत न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बँकेत. रामकिसन म्होरं, द्वारकाबाई चार पावलं मागं, पदर डाव्या गालावर वढलेला. मॅनेजरबी त्या दिवशी व्हता.

"खात्यातलं समदं काढायचंय," रामकिसन म्हणला.

बलभीमनं पासबुक काढलं, फॉर्म भरला, शाईचा डबा म्होरं केला. तिनं अंगठा उठवला. बलभीमनं भिंग लावून बघितलं. खात्याच्या कार्डावरच्या अंगठ्याला रेघा, आन् आज उठवलेला अंगठा नुसता काळा डाग. खडीनं अंगठ्यावरच्या रेघा खाऊन टाकल्या व्हत्या.

तेला वाटलं, वाचली. "साहेब, अंगठा जुळत न्हाय," तेव मॅनेजरला म्हणला. "नियमानं पैसे देता येत न्हायत."

मॅनेजरनंबी भिंग लावलं. "व्हय की," म्हणला. "मंग ओळख पाहिजे. बँकेला ठाऊक असलेल्या माणसाची."

रामकिसन गेला आन् पाव घंट्यात आबारावांला घेऊन आला. आबारावांनी एक नजर टाकली. "रामकिसनची मंडळी. म्या वळखतो," म्हणले आन् सही केली.

मॅनेजरनं तिला नियमाचं म्हणून इचारलं, "बाई, राजीखुशीनं काढताव न्हवं?"

"व्हय."

आता काय म्हणणार दुसरं? अंगठा, ओळख, राजीखुशी. कागद असा चोख, की कुठल्या कोर्टात दावा. त्याच पैशाचा रामकिसननं आपल्या नावानं कारखान्याचा शेअर घेतला. आबारावांनी चावडीत तेच्या गळ्यात हार घातला. हाराचं तेला लई कौतुक. चार दिवस खुंटीला टांगून ठिवला.

पर मुदत ठेव शाबूत व्हती. बलभीमनं यादी बचत खात्याच्या रजिस्टरातनं काढलेली, सिताची ठेव दुसऱ्या रजिस्टरात. तिची पावती खणात, फडक्यात. पाणवठ्यावर सितानं बलभीमला गाठलं आन् म्हणली, "दादा, आई म्हणती, निम्म्यावर पहिलं वरीस निघंल. म्होरचं म्होरं बघू. तुमी फकस्त गप्प राहा."

गप्प राहा. एवढंच सांगितलं व्हतं.

पर बलभीमला भाकर ग्वाड लागंना. शपथ मोडली का न्हाय, तेच तेला कळंना. विठाबाई म्हणली, "झालं ते झालं. आता कुणाकडं बोलू नका." तेला ते पटलं न्हाय. चूक केली तर सरकारदरबारी सांगावी, आन् कायद्यानं द्वारकाबाईला आधार मिळवावा, असं तेनं मनाशी धरलं. रविवारी बसून चार पानी अर्ज लिवला. म्या शपथेचा भंग केला. म्या नावं दिली. द्वारकाबाईचं असं असं झालं. सबब मला योग्य ती शिक्षा व्हावी. आन् खाली लिवलं, की सदर बाईच्या मुलीच्या नावे अमुक नंबरची, अमुक रकमेची मुदत ठेव शिल्लक आहे, तिला वडिलांनी हात लावू नये असा हुकूम व्हावा. पुरावा पाहिजे म्हणून नंबर, रक्कम, तारीख, समदं बिनचूक.

सोमवारची रजा टाकली आन् सकाळच्या यष्टीनं धाराशिव गाठलं. सहकार खात्याच्या हापिसात एका साहेबाम्होरं बसला. साहेब माणूस वाईट नव्हता. बसा म्हणला, पाणी दिलं, चारी पानं वाचली.

"ओव्हाळ, तुमी आकडा दिला का?"

"न्हाय साहेब. नुसती नावं."

"मंग गुन्हा कुठला? ठेव किती ते गुपित. खातं आहे, एवढंच सांगितलं तुमी. कलम कोणतं लावू मी?"

"साहेब, खातं हाय हेच तर गुपित व्हतं."

साहेबानं चष्मा काढला, डोळं चोळलं. "तुमचं खरं आहे. पण असं कुठं लिहिलेलं नाही."

"आन् त्या ठेवीचं?"

"अर्ज घेतो मी. प्रत बँकेकडं जाईल, अभिप्रायासाठी. ते आल्यावर बघू."

टेबलावरच्या कारकुनानं अर्जावर शिक्का मारला, नंबर टाकला. बलभीमनं त्यो शिक्का बघितला आन् तेच्या जिवाला गार वाटलं. अभिप्राय म्हंजी काय, आन् बँक म्हंजी कोण, हे तेच्या ध्यानातच आलं न्हाय. येताना यष्टीत तेला झोप लागली. धा-बारा दिवसांनी पहिल्यांदाच.

आठवड्यानं आबाराव बँकेत आले. हातात खाकी पाकीट, संगट रामकिसन. तवाबी आबाराव रागावलेले नव्हते.

"अक्षर लई सुरेख हाय तुझं," म्हणले. "नंबर पण घातलास, बरं केलंस. शोधायचा तरास वाचला." मंग मॅनेजरकडं वळले. "अठराच्या आतल्या, अज्ञान मुलीचा पालक कोण असतो साहेब?"

मॅनेजर खाली बघून म्हणला, "कायद्यानं बाप."

"इथं पालक म्हणून आईचं नाव लागलंय. दुरुस्त करून घ्या, आन् मोडा ठेव."

बलभीम म्हणला, "पावती द्वारकाबाईची हाय. तेंच्या सांगण्याबिगर म्या खण उघडणार न्हाय."

"मंग तिलाच बोलावू. रामकिसन, जा, घिऊन ये. त्या दिवशी आणलीस तशी."

रामकिसन उठला. बलभीमला त्यो गालावरचा पदर आठवला. तेनं करदोड्याची किल्ली सोडली आन् खण उघडला.

सिताचं लगीन वैशाखात उरकलं. बिजवराच्या बैलजोड्या ऊस वाहायच्याच व्हत्या, तवा दिवाळी झाली की पोरगी गाडीसंगं फडावर. नर्स व्हायची ती बर्फागत गार पहाटंला उसाच्या मोळ्या उचलायची. कारखाना काय झाला न्हाय. कोनशिला बसली, फोटो निघाले, आन् माळावर बाभळी वाढल्या. बलभीमला बँकेनं एका वळीचं पत्र दिलं, यापुढे काळजी घ्यावी. नोकरी टिकली. पगारबी वाढला पुढं. तेला तेच सोसंना.

बाकीच्या धा बाया एकेक करून आल्या. भांडली न्हाय कुणी. खिडकीपाशी यायच्या, "माझं पासबुक दे बाबा," म्हणायच्या. समदं पैसे काढून पुन्हा पदराला गाठ. शेवटची गेली तवा खणात नुसतं फडकं राहिलं.

द्वारकाबाई मात्र आली न्हाय. मंग बलभीमच गेला, खडीवर. ऊन डोक्यावर, ती दगडाच्या ढिगापाशी बसलेली, पायाच्या बोटांला चिंध्या बांधलेल्या.

"मावशी," तेव म्हणला, "ती अर्जी म्या तुमच्या भल्यासाठीच लिवली व्हती."

"ठाऊक हाय." हातोडी थांबली न्हाय. "पहिल्या बारीला नाव दिलंस, ते भ्यालास म्हणून. त्याचं मला काय न्हाय. भितो माणूस, मीबी भिते."

बलभीम हुबाच.

"दुसऱ्या बारीला भ्याला नव्हतास. तवा का इचारलं न्हाईस मला? यष्टीच्या फाट्याला जायाचं म्हंजी हितनंच जावं लागतंय. मी हितंच बसले व्हते. थांबून एक शब्द इचारायचा व्हतास. मावशी, तुमचं नाव लिवू का?"

तेव तिथंच खाली बसला, खडीवर. तिनं दगड फोडला, बाजूला सारला, दुसरा घेतला.

"उठ," म्हणली जरा येळानं. "मुकादम बघतोय. उगं माझी हजरी जायाची."

तर अशी हाय ही गोष्ट. तुमाला सांगायच्या आधी म्या त्या म्हातारीकडं जाऊन आलो बरं का. बँकेत लागलेलं एक पोर हाय, तेला सांगू का, म्हणून इचारलं. तिनं निवडायचं सूप बाजूला सारलं. मंग म्हणली, सांग, पर नावं बदल. म्या बदललीत. तिचं, लेकीचं, त्या बलभीमचंबी. आता तुमी नोकरीवर त्याच अंगाला चाललाव. तिथं एखांद्या पारावर बसलाव, चार माणसं भेटली, तर एवढं करा माझ्यासाठी. त्यातली द्वारकाबाई कोन, हे तिथं कुणाला इचारू नका.